सासूबाईंची नथ, नऊ मोती आणि अठ्ठावीस नंबरची तार



गेल्या महिन्यात माझ्या हातून एक मोती फुटला. तोही साधासुधा नाही, आमच्या सासूबाईंच्या नथीतला. धाकट्या दिरांच्या मुलीचं लग्न ठरलंय, आणि तिने एकच गोष्ट मागितली, "मोठी आई, मला आज्जीची नथ पाहिजे." नथीची तार जुनी होऊन तुटली होती, मोती डबीत सुटे पडले होते. सोनाराकडे द्यायची तर डोळ्यांसमोर बसून करून घ्यावी लागते. मला म्हातारपणी तारेच्या दागिन्यांचा नाद लागलेला. म्हटलं, आपणच ओवू. चोवीस नंबरची तार जुन्या मोत्याच्या भोकात जाईना, म्हणून जरा जोर लावला. कट्‌ असा बारीक आवाज आला आणि भोकाच्या कडेचा टवका उडाला.

त्या टवक्याखाली कांद्यासारखे पापुद्रे दिसत होते. एकावर एक, कागदाहून पातळ. बराच वेळ मी ते बघत बसले. सासूबाई शेवटची वीस वर्षं ही नथ का घालत नव्हत्या, ते मला तेव्हा आठवलं. एका चातुर्मासात माताजींच्या प्रवचनात मोती कसा मिळतो ते त्यांनी ऐकलं, घरी आल्या, नथ काढली आणि डबीत ठेवली. कुणाला काही बोलल्या नाहीत. मी विचारलं तर एवढंच म्हणाल्या, "शिंपल्यालाबी जीव असतो गं." आम्ही सुना मात्र मोत्याच्या कुड्या घालून मिरवत राहिलो.

मोती फुटल्यावर मी पुस्तकं काढली. माझं शिक्षण बी.कॉम., इतिहासाशी संबंध नाही. पण हिशेबाची सवय आहे, एक नोंद दुसरीशी जुळते का ते बघते. त्यात जे सापडलं ते तुम्हाला सांगते.

आधी नथीचंच बघा. आपल्याला वाटतं नथ म्हणजे पुराणकाळापासून आहे. तसं नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेवर एक लेखच लिहून ठेवला आहे. आपल्याच कोल्हापूरकडचे इतिहासकार अ. स. आळतेकर यांनीही १९३८ साली स्त्रियांच्या स्थितीवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तेच सांगितलं, की जुन्या संस्कृत वाङ्मयात आणि शिल्पांत नाकातला दागिना सापडत नाही. गोड्यांचा शोधही साधारण हजार वर्षांपलीकडे जात नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मोत्यांच्या हारांची केवढी मोठी यादी आहे! एक हजार आठ सरांचा तो इंद्रच्छंद, त्याच्या निम्म्या, म्हणजे पाचशे चार सरांचा विजयच्छंद, सत्तावीस सरांची नक्षत्रमाला. पुढे डोकं, हात, पाय, कंबर यांचे दागिने असेच समजून घ्या म्हटलंय. नाकाचं नाव नाही. आपल्या जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणातही, म्हणजे नवव्या शतकात, याच नावांचे हार येतात.

आणि पुस्तकावर विश्वास नसेल तर वेरूळला जा. बत्तीस नंबरच्या लेण्यात, ज्याला इंद्रसभा म्हणतात, तिथे आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका यक्षी आहे. गळ्यात हार, दंडात बाजूबंद, हातात कंकणं, पायात तोडे. पाथरवटानं काही म्हणून शिल्लक ठेवलेलं नाही. नाक मात्र मोकळं. मी तिच्यापुढे तीनदा हात जोडले असतील आयुष्यात, एकदाही ध्यानात आलं नाही.

शब्दाचं तर अजूनच गमतीचं. श्वेतांबर परंपरेतल्या अर्धमागधी आगमांमध्ये 'नत्था' हा शब्द येतो. तो बाईच्या नथीसाठी नाही, बैलाच्या वेसणीसाठी. रथाला जुंपायच्या बैलांचं वर्णन आहे, त्यांच्या वेसणी सोन्यानं मढवलेल्या. तिथून आपली नथ. हे मी घरात सांगितल्यावर आमच्या घरच्यांना भारी आनंद झाला, दोन दिवस तेच चाललं होतं. मी म्हटलं, सोन्याची असली तरी वेसण ती वेसणच, हसायचं काम नाही.

आता तारेकडे येते, कारण नथ म्हणजे मुळात तारच. मोती नुसते तारेवर बसलेले पाहुणे.

तार जगात फार जुनी. इराकमधल्या ऊर गावी राणी पुआबीचं थडगं सापडलं, साडेचार हजार वर्षांपूर्वीचं. त्यात सोन्याच्या तारेची वेटोळी आहेत, आणि आपल्या सिंधू संस्कृतीकडून गेलेले लाल अकीकाचे मणीही. पण तेव्हा तार ओढून काढत नव्हते. सोन्याच्या पत्र्याची चिंचोळी पट्टी कापायची, तिला सुतळीसारखा पीळ द्यायचा आणि दोन सपाट पाट्यांमध्ये लाटायची. आपण हातशेवई करतो ना, तसंच. अशी तार भिंगाखाली धरली की तिच्या अंगावर गोल गोल फिरत गेलेली शिवण दिसते. नंतर कधीतरी जंतर आलं. जंतर म्हणजे पोलादाची पट्टी, तिला मोठ्यापासून लहानापर्यंत भोकं. तार एकेका भोकातून ओढत न्यायची, दर वेळी ती बारीक आणि लांब होते. सोऱ्यातून शेव दाबून काढतात, इथे ओढून काढतात, एवढाच फरक. बाराव्या शतकात युरोपातल्या थिओफिलस नावाच्या साधूनं सोनारकीवर पुस्तक लिहिलं, त्यात या भोकांच्या पट्टीचं वर्णन आहे. ओढलेल्या तारेवर शिवण नसते, लांबच्या लांब सरळ ओरखडे असतात. जुना दागिना कुठल्या पद्धतीचा आहे ते जाणकार यावरूनच ओळखतात.

सोनं ओढायला किती मऊ, तर एका ग्रॅमची तार दोन किलोमीटरच्या वर जाऊ शकते. येवल्या-पैठणची जर अशीच. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवून ओढत गेलं की तार केसासारखी झाली तरी सोनं वरच राहतं. पैठणीतल्या रेशमाबद्दल आज बोलत नाही. एका वेळी एकच भांडण.

आणि तारेचा नंबर उलटा का, म्हणजे अठ्ठावीस नंबरची बारीक आणि वीसची जाड असं का, हे मला सुरुवातीला कळायचं नाही. दुकानदाराकडे दोनदा चुकीची तार मागून आले. त्याचं उत्तरही जंतरातच आहे. जितक्या जास्त भोकांतून ओढली, तितका नंबर मोठा. प्रत्येक कारखान्याचे नंबर वेगळे होते. ब्रिटिश सरकारनं १८८४ मध्ये ते एकसारखे ठरवून दिले, तेच आपल्याकडे आजही दुकानात चालतात. वीस नंबरची तार सुमारे ०.९ मिलिमीटर, अठ्ठावीसची ०.३७. जाडी निम्म्याहूनही कमी होते तेव्हा तेवढ्याच वजनात लांबी जवळपास सहापट मिळते. तार वजनावर घेत असाल तर हे लक्षात ठेवा. नवशिकीला बारीक तारेचं पाव किलोचं रीळ जन्मभर पुरेल.

ज्यांना शिकायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी लगेच सांगते, मग मोत्यांकडे वळते. पहिल्यांदा चांदी आणू नका. घरात वायरिंगचं काम झालं की तांब्याच्या वायरचे तुकडे उरतात, त्याचं प्लॅस्टिक सोलून काढा. ती मऊ तार हाताला फार चांगलं वळण लावते. सांगाड्याला वीस नंबरची, मणी बांधायला अठ्ठावीसची. टोक पकडीत धरून तार कापडातून दोनदा ओढून घेतली की सरळ होते. आणि एकाच जागी तार पुढे-मागे वाकवू नका. धातू वाकवला की कडक होत जातो. तीन वेळा ऐकून घेतो, चौथ्यांदा मोडतो. सोनार मध्ये मध्ये तार तापवून मऊ करतो ते याचसाठी. पण मोती ओवल्यावर तापवायची सोय नाही, मोती करपतो. आंबट पाण्यातही टाकता येत नाही, तो विरघळायला लागतो, चुन्याच्याच जातीचा ना! म्हणून जे तापवणं-उजळणं असेल ते आधी. मोती सगळ्यात शेवटी. आणि मोत्याच्या भोकाला कधी जोर लावायचा नाही, हे मी आता तुम्हाला सांगू शकते.

जुन्या मोत्यांची भोकं इतकी बारीक का असतात, त्यालाही कारण आहे. मोती वजनावर विकला जायचा. भोक मोठं पाडलं की वजन गेलं. आणि वजन गेलं म्हणजे नुसतं तेवढंच गेलं नाही. मोत्याची किंमत वजनाच्या वर्गानं धरायची पद्धत होती. दुप्पट वजनाचा मोती दुप्पट नाही, चौपट किमतीचा. मुंबईच्या मोतीबाजारात याचं 'चव' नावाचं माप होतं आणि त्याची कोष्टकं छापलेली असत. मला ही पद्धत फार आवडली, खोटं कशाला बोलू.

मोती यायचे इराणच्या आखातातून. आपण बसरा मोती म्हणतो ते. उन्हाळ्याचे महिने पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून तळाशी जायचे, शिंपले गोळा करून वर यायचे. बरेचसे पाणबुडे नाखव्याच्या कर्जात बांधलेले, हंगामावर हंगाम कर्ज फिटायचं नाही. ढीगभर शिंपले फोडावे तेव्हा नथीत घालण्याजोगा एखादा मोती हाती लागणार. बाकीचे शिंपले उगाचच गेले. आपल्याकडे शिंपला, शंख हे द्वींद्रिय जीव मानलेले आहेत, स्पर्श आणि रसना असलेले. म्हणजे त्रसजीव. श्रावकाच्या अहिंसाणुव्रतात जो जीव संकल्पानं मारायचा नाही म्हटलंय, त्यातच तो आला. सासूबाईंचं एका वाक्यातलं म्हणणं बरोबर होतं. त्यांना पुस्तक लागलं नाही.

इथवर हिशेब सोपा होता. पुढे बिघडला.

मुंबईच्या मोत्यांच्या व्यापारात जैन जवाहिरे पुष्कळ होते. श्रीमद् राजचंद्रही मुंबईत जवाहिरीच करत. आणि आपल्या दिगंबर समाजात ज्यांचं नाव दानवीर म्हणून घेतात ते शेठ माणिकचंद हिराचंद, मूळ सुरतेचे, १८५१ ते १९१४, तेही मोत्यांचेच व्यापारी. मुंबईची हिराबाग धर्मशाळा त्यांची. परगावच्या जैन मुलांना शिकता यावं म्हणून बोर्डिंगं काढली ती त्यांनी. त्यांची मुलगी मगनबाई तरुणपणी विधवा झाली. वडिलांनी तिला कोपऱ्यात बसवलं नाही, शिकवलं. तिने मुंबईत श्राविकाश्रम चालवला, विधवा आणि परित्यक्ता बायकांना अक्षर दिलं, धर्म दिला, पोटापाण्याचं शिक्षण दिलं. त्या वाटेनं पुढे आपल्याकडे गावोगावी असे आश्रम निघाले. आमच्या सासूबाई चौथीपर्यंत शिकल्या त्या अशाच एका आश्रमात. प्रवचन ऐकून त्या घरी आल्या आणि वहीत नियम लिहून ठेवला, तो लिहिता येत होता म्हणून लिहिला. आता हे खतावणीच्या कुठल्या बाजूला लिहायचं ते सांगा. शिंपले एका बाजूला, आमच्या बायकांची अक्षरं दुसऱ्या बाजूला. बी.कॉम.ला हे शिकवलं नव्हतं.

मी दोन दिवस यावर विचार केला आणि वजाबाकी करायची सोडून दिली. शेठजींनी जे केलं ते मोठं. मोती कसा मिळतो तेही खरं.

म्हटलं, ठीक आहे, खोटे मोती घालू. प्रश्न मिटला. कुठला मिटतोय! सतराव्या शतकात पॅरिसमधल्या जपमाळा करणाऱ्या एका कारागिरानं खोटा मोती काढला. काचेचा पोकळ मणी, आतून मोत्याची चकाकी यावी म्हणून लेप, वर मेण भरलेलं. तो लेप कशाचा, तर छोट्या माशांच्या खवल्यांचा. हजारो मासे. पुढे कित्येक वर्षं चांगल्या खोट्या मोत्याची चकाकी म्हणजे खवलेच, आणि आजही काही नावाजलेल्या नकली मोत्यांत तोच लेप असतो. म्हणजे बघा, द्वींद्रिय वाचवायला गेलो आणि पंचेंद्रियावर आलो. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या लग्नातली तन्मणी, पाच पदरी, खोट्या मोत्यांचीच होती.

जपानच्या मिकिमोटोंनी १८९३ मध्ये शिंपल्यात मोती वाढवून दाखवला. त्यानं बाजार स्वस्त झाला. १९३० नंतर जगभरची मंदी आणि हे जपानी मोती मिळून आखातातला जुना धंदा बसला. पण शिंपल्याचं दुःख कमी झालं असं नाही. त्याला उघडून आत मणी आणि दुसऱ्या शिंपल्याच्या मांसाचा तुकडा खुपसतात, वर्षानुवर्षं पाण्यात टांगून ठेवतात, आणि मोती काढताना बहुतेक वेळा तो मरतोच. 'कल्चर्ड' शब्दाला भुलू नका. आमच्या मंडळातल्या एकीला ते शेतीसारखं काहीतरी वाटत होतं.

शेवटी वाट सापडली ती अभ्रकात. हल्ली बऱ्याच मण्यांची मोतिया चकाकी अभ्रकाच्या चुऱ्यावर टायटॅनियमचा थर देऊन आणतात. मूलाचारात पृथ्वीकायाचे छत्तीस भेद सांगितले आहेत. त्यात तांबं, रुपं, सोनं आहे आणि अभ्रकही आहे. आता कोणी म्हणेल, पृथ्वीकायही जीवच की. आहेच. पण गृहस्थाला स्थावराची हिंसा पूर्ण टाळता येत नाही, जेवढी गरज तेवढीच करावी एवढं बंधन आहे. त्रसाची मात्र टाळता येते, नथीपुरती तर नक्कीच येते. तार तांब्याची, मणी काचेचा, चकाकी अभ्रकाची. वरून लाखेचा ठिपका द्यायचा होता तो दिला नाही. लाख म्हणजे किड्यांचीच, हे तुम्हाला मी सांगायला नको.

नथ करायला मला अकरा दिवस लागले. पहिल्या दोन मोडल्या. एकीचा चाप उलटा बसला, दुसरीत वेढे इतके घट्ट झाले की मधली तारच तुटली. तिसरी जमली. वीस नंबरचा आकडा, त्याला खाली गोल वळण, वळणावर नऊ मणी. मधला मोठा, दोन्ही बाजूंनी लहान होत गेलेले. एक लाल काचेचा आणि एक हिरवा, सासूबाईंच्या नथीत होते त्याच जागी. अठ्ठावीस नंबरच्या तारेचे वेढे मण्यांच्या मधून घेतले. टोकं आत दाबून घातली, नाहीतर नाकाला टोचतात. वरून सोन्याचं पाणी द्यायला सोनाराकडे दिली. त्यानं भिंग लावून पाहिली आणि विचारलं, कुठून आणली. एवढं मला पुरलं.

पुतणीला मी सगळं सांगितलं, मोती फुटल्याचंसुद्धा. आधी तिचा चेहरा उतरला. तिला आज्जीचे मोती अंगावर पाहिजे होते, शास्त्र नको होतं, आणि त्यात तिचं काही चूक नव्हतं. मी डबी तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, हे आठ मोती आणि हा फुटका. तुझे आहेत, पाहिजे तर सोनाराकडून ओवून घे, मी रागावणार नाही. ती फुटका मोती बोटावर घेऊन उन्हात धरून बघत बसली, अगदी मी बसले होते तशीच.

दीर म्हणाले, मोती विकून टाकू, जुना बसरा आहे, चांगले पैसे येतील, ते मुलींच्या वसतिगृहाला देऊ. माणिकचंद शेठजींचाच हिशेब. जाऊबाई म्हणाल्या, विकला म्हणजे दुसरी कोणीतरी घालणार, मग कृत नाही तरी कारित आणि अनुमोदना राहतेच की. दोघांचंही पटतं. दशलक्षण पर्व संपेपर्यंत डबी देवघराच्या खालच्या खणात ठेवली आहे. नंतर घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवायचं. तुमच्याकडे असं काही झालं असेल, आणि तुम्ही काय केलं, ते मला जरूर कळवा.

पुतणीनं परवा माझी नथ घालून बघितली. आरशात दोनदा मान वळवून पाहिली आणि म्हणाली, "मोठी आई, जरा चिमटतीय." मी पक्कड घेतली आणि चापाचं वळण अर्ध्या वेढ्यानं सैल करून दिलं.